उभ्या गाडीच्या इंजिनमधून वेगळा आवाज येतोय? गॅरेजला न्यायची की जागेवरच बंद करायची, असं ओळखा

सकाळी गाडी सुरू केली, गिअर न्यूट्रलला आहे आणि बॉनेटखालून रोजच्यापेक्षा वेगळाच आवाज येतोय. अशा वेळी बरेच जण "बघू, बाजाराच्या दिवशी तालुक्याला दाखवू" म्हणून गाडी तशीच काढतात. काही आवाजांना हे चालतं. काही आवाजांत मात्र तालुक्यापर्यंतची एकच फेरी पूर्ण इंजिन खोलायची वेळ आणते. हा फरक घरासमोरच, पाना हातात न घेता बराचसा ओळखता येतो.

आधी काळजी

बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. उपरणं, ओढणी, सैल बाही बेल्टजवळ नेऊ नका. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, तिथे हात घालू नका.

सुरुवात ऑईलपासून

आवाज कोणताही असो, आधी इंजिन बंद करून ऑईल बघा. गाडी सपाट जागेवर उभी करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच ऑईल थोडं थोडं टाका. वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. ऑईल वारंवार कमी होत असेल तर गळती शोधावीच लागते.

वरून टिक-टिक

शिलाई मशीनसारखी बारीक टिक-टिक बहुधा टॅपेटची असते. थंड इंजिन सुरू केल्यावर काही सेकंदांत थांबली तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही राहिली तर ऑईल आणि फिल्टर बदलायची वेळ झाली का ते बघा, नंतर टॅपेट तपासून घ्या. थंड असताना फस-फस आणि तापल्यावर कमी, असं असेल तर सायलेन्सरच्या सुरुवातीचं गॅस्केट गेलेलं असू शकतं. डिझेल गाडीची थंडीतली जास्त खडखड मात्र नेहमीचीच.

किर्रर्र किंवा घरघर

किर्रर्र आवाज बहुतेकदा बेल्टचा. इंजिन बंद करून बेल्टला चिरा पडल्यात का, तो सैल झालाय का ते बघा. घरघर असेल तर अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा पुलीचं बेअरिंग संशयित. एसी लावल्यावरच आवाज येत असेल तर कॉम्प्रेसरची बाजू तपासा. हे काम लांबवू नका. बऱ्याच गाड्यांत याच बेल्टवर वॉटर पंप चालतो. बेल्ट तुटला तर इंजिन तापून हेड खराब होऊ शकतं.

क्लच दाबून पाहा

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग बघावं लागेल. दाबल्यावरच सुरू झाली तर क्लचचं रिलीज बेअरिंग. एवढं सांगितलं तरी मिस्त्रीचा निम्मा वेळ वाचतो.

पत्र्याची खडखड आणि हादरे

खाली पत्रा वाजल्यासारखा आवाज येत असेल तर सायलेन्सरवरचं उष्णतेचं कव्हर किंवा हँगर सैल झालेला असतो. खराब रस्त्यांवर हे नेहमीचं. इंजिन थंड असतानाच हात लावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग आणि सीट थरथरते, रेस दिल्यावर कमी होते, तर इंजिन माउंटिंग तपासा. गाडी मिसिंग मारत असेल तर स्पार्क प्लग किंवा कॉइल बघावी लागते. त्यातच इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका.

सूं-सूं

सूं-सूं आवाज आणि रेस आपोआप वरखाली होत असेल तर हवेचा रबरी पाईप फाटलेला असू शकतो. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी पाईप आणि वायरी कुरतडल्यात का तेही बघा. सीएनजी गाडीत गॅसचा वास आला तर इंजिन लगेच बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नका.

या आवाजाला गाडी हलवू नका

इंजिनच्या खालच्या भागातून जड ठक-ठक येते आणि रेस दिल्यावर वाढते, किंवा इंजिन चालू असताना किटलीच्या चित्राचा लाल ऑईल दिवा पेटलेला राहतो. अशा वेळी लगेच इंजिन बंद. ऑईलचा दाब नसेल तर बेअरिंग घासतात आणि क्रँकशाफ्ट खराब होते. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून न्या किंवा मिस्त्रीला गावात बोलवा. त्याचा खर्च इंजिन खोलण्यापेक्षा कितीतरी कमी येतो.

मोबाईलवर रेकॉर्ड करा

बरेच आवाज गॅरेजला पोहोचेपर्यंत गायब होतात. म्हणून ठक-ठक किंवा लाल दिवा नसेल तेव्हा सकाळी थंड इंजिन सुरू करतानाच अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. आवाज थंडीत येतो की तापल्यावर, एसी लावल्यावर की क्लच दाबल्यावर, हे मिस्त्रीला सांगा. नेमकी माहिती मिळाली की चांगले पार्ट विनाकारण बदलले जात नाहीत.