पानिपत आणि संक्रांत

पौषाची थंडी पडली, हाती तिळगूळ आला, की पानिपताची आठवण निघतेच. त्या दिवशी मराठ्यांवर साक्षात संक्रांतच कोसळली, असे आपण म्हणतो. श्रोतेहो, युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी, बुधवारी झाले, हे खरे. परंतु त्या वर्षीची संक्रांत तोवर होऊन गेली होती. आपली संक्रांत नक्षत्रांवरून ठरते. म्हणून इंग्रजी तारखांत ती सुमारे ७० वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी. मग त्याच्याही शंभर वर्षे आधी ती १४ तारखेस कशी यावी?

आणि छावणीत तिळगूळ तरी कोठला! अब्दालीने रसद तोडलेली. उपासमारीनेच भाऊसाहेबांना त्या सकाळी बाहेर पडणे भाग पडले.

त्या धामधुमीत पायाला जबर जखम झालेल्या महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या भिस्त्याने आपल्या बैलावर घालून वाचविले. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानले, सरदारकी दिली. ग्वाल्हेरकरांना हे मी काय सांगावे! वर्गात पानिपत शिकविताना मात्र मी तारखेपेक्षा या पखालवाल्यापाशीच अधिक वेळ थांबतो.