पाण्यात म्हैस, बाहेर मोल : नव्या-जुन्या वाहनाच्या निवडीचा इतिहास

‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण आपण सहसा अविचारी सौद्याची थट्टा करण्यासाठी वापरतो. पण ती नीट पाहिली तर तीत बाजाराचे एक संपूर्ण शास्त्र सामावलेले दिसते. विकायची वस्तू आहे. तिचा मोठा भाग दृष्टीआड आहे. आणि तरीही किंमत आत्ताच ठरवायची आहे. बेताच्या पैशांत एखादी वेगवान, देखणी मोटार घेऊ पाहणारा आजचा तरुण याच अडचणीत सापडलेला असतो. कोरी गाडी घ्यावी तर ऐपतीत बसते ती हवी तशी धावत नाही. हवी तशी धावणारी घ्यावी तर ती कुणीतरी आधी दामटलेली असते. हा पेच मोटारीबरोबर जन्माला आला, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की तो फार जुना आहे, आणि त्याच्या उत्तरांचा इतिहास म्हणजे ‘लपलेल्या दोषाचा भार कुणी वाहायचा’ या प्रश्नाचा इतिहास आहे.

सुरुवात नेवासे तालुक्यातील घोडेगावापासून करणे सोयीचे. अहिल्यानगरहून (पूर्वीच्या अहमदनगरहून) छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव बहुतेकांना शनिशिंगणापूरचा फाटा म्हणून माहीत असते. साहित्याच्या अभ्यासकाला तालुक्याचे नाव ऐकताच ज्ञानेश्वरी आठवते. पण शेतकऱ्यांच्या आणि गवळ्यांच्या जगात घोडेगावची ओळख शुक्रवारच्या जनावरांच्या बाजाराची, त्यातही म्हशींच्या बाजाराची आहे. गावाच्या नावात घोडा आणि बाजारात म्हैस, ही गंमत सोडली तरी या बाजारात जो व्यवहार चालतो तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे.

म्हैस घेणाऱ्यापुढे मूळ प्रश्न असतो तो नव्या-जुन्याचाच. पहिलारू घ्यावी, की दुसऱ्या-तिसऱ्या वेताची? पहिलारू म्हशीचे सारे आयुष्य पुढे असते. पण ती दूध किती देईल, धार काढू देईल की लाथा झाडील, हे कुणालाच, विकणाऱ्यालाही, ठाऊक नसते. तिसऱ्या वेताच्या म्हशीचे दूध सिद्ध झालेले असते. पण मग ती विकायला का काढली, हा प्रश्न उभा राहतो. वय दातांवरून कळते : अदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि अखेर जुळलेली. दात खोटे बोलत नाहीत, पण कास खोटे बोलू शकते. आदल्या वेळची धार न काढता दूध तुंबवून ठेवले की कास भरलेली दिसते. म्हणून जाणता गिऱ्हाईक एका धारेवर विश्वासत नाही, दोन वेळा दूध काढून पाहायचा आग्रह धरतो. दान मिळालेल्या गायीचे दात मोजू नयेत असे आपण म्हणतो, त्याचा व्यत्यास असा की विकत घेतलेल्या जनावराचे दात मोजलेच पाहिजेत.

हे पारखून पाहणे केवळ व्यवहारचातुर्य नव्हते, तो एके काळी कायदाही होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात केलेला सौदा मोडण्याची मुदत व्यवसायानुसार सांगितली आहे : व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गोरक्षकांना पाच. याज्ञवल्क्यस्मृती वस्तूनुसार परीक्षेचा काळ ठरवते. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझे वा स्वार वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस, रत्नांना सात, बियाण्याला दहा. याच यादीत दास-दासींनाही मुदत आहे, हे त्या समाजाविषयी बरेच काही सांगून जाते आणि ते विसरता कामा नये. परंतु यादीमागचे तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे : दोष प्रकट व्हायला ज्या वस्तूला जितका वेळ लागतो, तितका वेळ विकत घेणाऱ्याला मिळाला पाहिजे. या स्मृतीवरची सर्वांत मान्यताप्राप्त टीका, विज्ञानेश्वराची मिताक्षरा, दख्खनेतच, कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, इ.स. ११०० च्या आसपास लिहिली गेली.

आता घोड्याकडे वळू. कारण ‘परवडणारे वेगवान वाहन’ ही कल्पना आपल्याकडे शतकानुशतके घोड्याच्याच रूपात नांदली. उत्तम घोडा समुद्रापलीकडून, अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून येई आणि म्हणून महाग असे. तो किती मोलाचा होता याचा एक मासलेवाईक पुरावा तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने नोंदवला आहे : ठाण्याच्या राजाचा चाचे लोकांशी करार होता, की लुटीत सापडलेले घोडे तेवढे राजाचे. ज्यांना असा करार करणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी देशी तट्टू होते. भीमेच्या काठचे ते भीमथडीचे तट्टू, राजा बढे यांच्या २०२३ साली राज्यगीत ठरलेल्या गीतामुळे, आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. दिसायला ते लहान आणि साधे. पण काटक, थोड्या वैरणीवर निभावणारे आणि डोंगरवाटांना सरावलेले. आजच्या भाषेत बोलायचे तर देखभालीचा खर्च कमी.

मराठी लष्कराने या बाबतीत समाजाचे दोन भाग पाडले. सभासदाच्या बखरीत (इ.स. १६९७ च्या सुमारास) शिवकालीन पागेची रचना आली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा पखालजी व नालबंद. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन येई. दोन्ही शब्द फारसी. ‘सिलाहदार’ म्हणजे शस्त्र बाळगणारा, तर ‘बारगीर’ म्हणजे मुळात ओझे वाहणारे जनावर. घोड्याचे नाव स्वाराला चिकटले, आणि तेच पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांतून बंगालात ‘बर्गी’ होऊन दहशतीचा प्रतिशब्द बनले.

शिलेदाराची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. मराठी कथा-कादंबऱ्यांनी त्याला बाणेदारपणाचे प्रतीक केले आहे, पण अर्थव्यवहाराच्या दृष्टीने तो एक छोटा भांडवलदार होता आणि त्याचे सारे भांडवल चार पायांवर उभे होते. घोडा मेला तर वाहन गेले, नोकरी गेली आणि गावातली पतही गेली. त्याने शिंगरू घ्यावे तर ते स्वारीयोग्य होईपर्यंत तीन-चार वर्षे पोसायला हवे, शिकवायला हवे. घोड्याचे दुधाचे दात अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास जबडा पुरा होतो. तोवर हा घोडा तोफेच्या आवाजाला बुजणारा आहे की नाही हे सांगता येत नाही. उलट सात-आठ वर्षांचा, मोहिमा पाहिलेला घोडा घ्यावा तर तो शिकलेला आणि आजच उपयोगी. पण दातांवरच्या खुणा त्या वयानंतर पुसट होत जातात आणि वय लपवणे सोपे होते. शिवाय तो लंगडून विकला, दमेकरी म्हणून विकला, की धन्याची गरज होती म्हणून विकला, हे फक्त विकणाराच जाणतो.

या भांडवलाचा परिणाम रणांगणावर दिसे. ज्याचा घोडा त्याच्या स्वतःच्या पैशाचा, तो घोडा जपणारच. शिलेदारी फौजा निकराच्या लढाईत घोडा पुढे घालायला कचरतात, ही तक्रार तत्कालीनांनी आणि नंतरच्या इंग्रज लेखकांनी वारंवार केली. तिच्याकडे भित्रेपणाचा आरोप म्हणून पाहण्याचे कारण नाही. नुकसानीचा सारा भार एकट्या माणसावर टाकला की तो कसा वागतो, याचे ते साधे वर्णन आहे. पागेला प्राधान्य देऊन शिलेदारांना तिच्या ताब्यात ठेवण्याचे शिवकालीन धोरण याच जाणिवेतून आले असावे. अकबराने १५७० च्या दशकात घोड्यांना डाग देण्याची आणि स्वार-घोड्यांचे ‘चेहरे’ लिहून ठेवण्याची पद्धत पक्की केली ती वेगळ्या संशयापोटी : हजेरीला एक घोडा आणि मोहिमेवर दुसराच, असे होऊ नये म्हणून. आजच्या मोटारीच्या चासीवर कोरलेला क्रमांक हा त्या डागाचाच वंशज म्हणायला हरकत नाही.

पेशवाई संपली तरी शिलेदार संपला नाही. १८१७ सालच्या पुणे तहातून उभ्या राहिलेल्या ‘पूना हॉर्स’सारख्या पलटणींत ‘सिलादारी’ पद्धत इंग्रजांनी पुढे चालवली. रंगरूट भरती होताना ‘असामी’ची रक्कम भरी, घोडा त्या रकमेतून मिळे आणि नोकरी सोडताना रक्कम परत मिळे. पण त्यांनी एक महत्त्वाची भर घातली. स्वारांच्या पगारातून दरमहा थोडा ‘चंदा’ कापून रेजिमेंटचा निधी उभा केला जाई आणि मेलेल्या घोड्याची भरपाई त्यातून होई. एकट्याचे नुकसान सर्वांत वाटून घेण्याची, म्हणजे विम्याची, ही कल्पना. पहिल्या महायुद्धाच्या संहारापुढे हा निधी पुरा पडणे शक्यच नव्हते, आणि युद्धानंतर ही पद्धत मोडीत निघाली. आज पूना हॉर्स रणगाड्यांची रेजिमेंट आहे, आणि अहिल्यानगरला, घोडेगावहून तासाभराच्या वाटेवर, चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय आहे. तिथल्या कोणत्याही रणगाड्याची किंमत त्यातल्या सैनिकाने भरलेली नाही. शिलेदार अखेर बारगीर झाला.

नागरी जीवनात मात्र आपण सारे शिलेदारच राहिलो. स्वातंत्र्यानंतरच्या परवाना-व्यवस्थेत तर नव्या-जुन्याचा हिशेबच उलटा झाला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून निघालेली ‘डुक्कर फियाट’ आणि तिच्या पुढच्या पिढीतली पद्मिनी, किंवा आकुर्डीची बजाज स्कूटर, यांच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. किमतीवर सरकारचे नियंत्रण, उत्पादनावर परवान्याची मर्यादा. परिणामी हातात आलेली जुनी गाडी न आलेल्या नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाऊ लागली. ‘नंबर लागला’ हा शब्दप्रयोग त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठीत लग्न जमल्याच्या आनंदाने उच्चारला जाई. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हळूहळू नवे पुन्हा नव्याच्या किमतीला मिळू लागले.

योगायोग असा की याच काळात जुन्या मोटारींच्या बाजारावरचा विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला अर्थशास्त्रीय निबंध आकार घेत होता, आणि त्याचा धागा भारताशी जुळलेला आहे. जॉर्ज ॲकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत राहून गेले. तीन नियतकालिकांनी नाकारलेला त्यांचा निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. मुद्दा थोडक्यात असा : विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो, त्या किमतीला चांगल्या गाडीचा धनी विकायला तयार होत नाही, आणि बाजारात उरतो तो बहुतांशी गाळ. याच निबंधात हिंदुस्थानी गृहिणी बाजारच्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले खडे निवडते, असे उदाहरण आले आहे. मराठी म्हणीतली म्हैस आणि ॲकरलॉफची मोटार एकाच पाण्यात उभ्या आहेत.

मग आजच्या खरेदीदाराने काय करावे? महाराष्ट्रात परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचा प्रयोग झालाच नाही असे नाही. २०१२ च्या दिल्लीतल्या वाहन प्रदर्शनात डीसी डिझाइनने ‘अवंती’ मांडली. परंतु तिचे इंजिन रेनोचे होते, आणि तिच्या किमतीला सामान्यांच्या अर्थाने परवडणारी म्हणणे कठीणच. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली यामाहा आरएक्स १०० ही दुचाकीच बहुसंख्य मराठी तरुणांची खरी स्पोर्ट्स कार ठरली. आणि आज ती नवी मिळत नसल्याने तिच्यापुरता प्रश्न निकालात निघाला आहे : जुनी घ्या, नाहीतर घेऊ नका.

इतिहासाचा कौल, माझ्या मते, असा की ज्याच्या पाठीशी ‘चंदा’ नाही, म्हणजे ज्याची साठवण एकाच वाहनात जाणार आहे, त्याने सिद्ध झालेले जुने निवडणे अधिक शहाणपणाचे. नव्याच्या कोरेपणासाठी मोजलेले पैसे पहिल्याच वर्षात मोठ्या प्रमाणावर उडून जातात. मात्र या कौलाला एक अट आहे, आणि तीच आपण गमावून बसलो आहोत. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला मोटार विकली, तर १९३० च्या मालविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व ‘घेणाऱ्याने सावध असावे’ हेच आहे. दुकानातल्या ग्राहकाला ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार आहे. शेजाऱ्याकडून गाडी घेणाऱ्याला तो नाही. याज्ञवल्क्याने वाहनाला दिलेले पाच दिवस त्याला कुणी देत नाही. मिळते ती चौकापर्यंतची एक फेरी. घोडेगावच्या बाजारातला गवळी निदान दुसऱ्या धारेचा आग्रह धरतो. मोटार घेणाऱ्याने तेवढे तरी मागावे. आणि जो विकणारा ते नाकारतो, त्याची म्हैस अजून पाण्यातच आहे असे समजून चालावे.