सक्तीचे अवतरण

सक्तीचे अवतरण : इंजिन बंद पडल्याने किंवा त्याची ताकद घटल्याने धावपट्टीपर्यंत न पोहोचता मिळेल त्या जागी विमान उतरवणे. एका इंजिनाच्या लहान विमानांत हा प्रसंग प्रामुख्याने उद्भवतो.

इंधन संपणे, त्यात पाणी शिरणे, यांत्रिक बिघाड ही नेहमीची कारणे. कार्ब्युरेटरमध्ये (हवा व इंधन मिसळणाऱ्या भागात) बर्फ धरणे हेही एक. दमट हवेत ते वीस-पंचवीस अंश तापमानातही घडते.

इंजिन थांबले की विमान दगडासारखे कोसळते, हा गैरसमज आहे. सेसना १५२ हे एका इंजिनाचे विमान सुमारे ६० नॉट (ताशी १११ किमी) वेग राखून, वारा नसताना, हजार फूट उंचीच्या बदल्यात अडीच किलोमीटरच्या आसपास अंतर कापते. उंची मात्र जमिनीपासून मोजायची. उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्यातील कराडची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. उंचीमापक समुद्रसपाटीपासूनचे ४,००० फूट दाखवत असेल तर हाती त्याच्या जेमतेम निम्मे उरतात, म्हणजे साधारण तीन मिनिटे. त्यात वेग साधणे, शेत हेरणे, इंधनाची कळ व मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे यंत्र) तपासणे, १२१.५ मेगाहर्ट्झवर ‘मेडे’ हा संकटसंदेश पुकारणे, हे सारे आटोपावे लागते. टेकण्याआधी इंधन व वीज बंद करून दार किलकिले ठेवतात.

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी खरा पेच शेताचा. वरून मऊ हिरवळीसारखा दिसणारा वाढलेला ऊस पुरुषभर उंचीहून अधिक असतो. त्यात चाके अडकून विमान पालथे होऊ शकते. तोडणीनंतर तेच रान मोकळे होते, पण उतरायचे ते सरीच्या दिशेने, आडवे नव्हे. माण, जत, आटपाडीकडची माळराने अधिक उघडी असली तरी बांध, दगड आणि वरून जवळजवळ न दिसणाऱ्या विजेच्या तारा तिथेही आहेतच. चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. परिसरात कराडची धावपट्टी आहे. सांगलीजवळची कवलापूरची वापरात नाही.

असा एक प्रसंग साताऱ्याच्या सीमेपलीकडे घडला : इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीने उडालेल्या प्रशिक्षणार्थी वैमानिकेचे सेसना १५२ शेतात आदळले. विमानाचे मोठे नुकसान झाले. तिला किरकोळ दुखापत झाली.