वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे : दोन मिनिटांचा हवाई मार्ग

स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधील नियमित विमानसेवा जगातील सर्वांत कमी अंतराची मानली जाते. दोन्ही धावपट्ट्यांमधील अंतर सुमारे 2.7 किलोमीटर आहे. वेळापत्रकात प्रवासाला दोन मिनिटे दिलेली असली, तरी अनुकूल वारा असल्यास उड्डाण याहून कमी वेळात संपते. विक्रम 53 सेकंदांचा आहे.

लोगनएअर या स्कॉटिश कंपनीने 1967 मध्ये ही सेवा सुरू केली. तिच्यासाठी ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे दोन इंजिनांचे छोटे विमान वापरले जाते. आखूड धावपट्टीवरून उड्डाण करण्याची आणि उतरण्याची क्षमता हे त्याचे वैशिष्ट्य. हा मार्ग कर्कवॉल या ऑर्कनीच्या मुख्य शहराशी जोडलेल्या हवाई सेवेचा भाग आहे.

पापा वेस्ट्रेची लोकसंख्या शंभराच्या आसपास आहे. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण आणि विद्यार्थी या विमानाने ये-जा करतात. इतक्या कमी प्रवाशांवर खर्च भागत नसल्याने सेवेला सार्वजनिक निधीचा आधार दिला जातो. विक्रमापेक्षा बेटावरील वस्ती टिकवण्यातच या मार्गाचे खरे महत्त्व आहे.