दिनविशेष : २१ जून १९७३ – मुटॉनला पहिल्या श्रेणीचा मान

फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या पोइयाक इथल्या ‘शातो मुटॉन-रॉथ्सचाइल्ड’ या द्राक्षमळ्याची रेड वाइन आजच्या दिवशी सरकारी आदेशाने पहिल्या श्रेणीत गेली. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव पाहून प्रतवारी लावली, तेव्हा लाफित, लाटूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ पहिले ठरले, मुटॉन दुसऱ्या श्रेणीत राहिले. १९२२मध्ये मळा हाती घेतलेल्या बॅरन फिलिप यांना हा अन्याय वाटे. पिंपे व्यापाऱ्यांकडे धाडण्याऐवजी त्यांनी १९२४ची सगळी वाइन मळ्यातच बाटल्यांत भरली, दर्जाची जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यांचा हट्ट रास्तच होता. आदेशावर सही तत्कालीन कृषिमंत्री जाक शिराक यांची. त्या वर्षीच्या लेबलवर पिकासोचे चित्र झळकले. या श्रेणीत त्यानंतर एकही नाव वाढलेले नाही.