टेदरिंग, लांब अंतरावरचे

डिजिटल कॅमेरा संगणकाला जोडून तिथूनच चालवण्याची आणि टिपलेले छायाचित्र लगोलग पडद्यावर उतरवून घेण्याची पद्धत. नुसत्या रिमोटने शटर दाबता येते. टेदरमध्ये अ‍ॅपर्चर, शटर स्पीड, आयएसओ संगणकावरून बदलता येतात, लाइव्ह व्ह्यू दिसतो आणि सबंध रॉ फाइल संगणकात येते. स्टुडिओत त्यासाठी दोन-तीन मीटर केबल पुरते. कॅमेरा सभागृहाच्या तुळईवर, स्टेडियममध्ये गोलजाळीमागे किंवा गच्चीवरच्या दुर्बिणीला लावलेला असला, की खरी अडचण सुरू होते.

केबलने बांधलेला कॅमेरा ही डिजिटल छायाचित्रणाची मूळ अवस्थाच आहे. १९९१ साली आलेल्या कोडॅक डीसीएस या कॅमेऱ्यात चित्र साठवायला जागा नव्हती. निकॉन एफ३ च्या देहावर बसवलेला १.३ मेगापिक्सेलचा संवेदक केबलने एका स्वतंत्र पेटीला जोडलेला असे आणि २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेली ती पेटी छायाचित्रकार खांद्याला अडकवून फिरे. पुढे निकॉन डी१ (१९९९) आणि कॅनन ईओएस-१डी (२००१) यांत फायरवायर आले. त्याची केबल ४.५ मीटरपर्यंत. त्यानंतर जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांनी यूएसबी स्वीकारले, आणि आजचा अंतराचा प्रश्न मुख्यतः यूएसबीचा आहे.

यूएसबी २.० साठी एका केबलची मर्यादा ५ मीटर आहे. वायर लांबली की संदेश क्षीण होतो, एवढेच कारण सहसा सांगितले जाते. ते अपुरे आहे. यूएसबीमध्ये संगणक हाक मारतो आणि ‘ओ’ येण्याची वाट पाहतो. ही वाट सुमारे दीड मायक्रोसेकंदाची. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर समोर कोणी नाही असे तो धरतो. तांब्याच्या केबलमधून संदेशाला एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात आणि एका केबलला मानकाने २६ नॅनोसेकंदच दिले आहेत. म्हणून ५ मीटर. कितीही जाड, महाग, सोन्याचा मुलामा दिलेली केबल आणली तरी हा हिशोब बदलत नाही. दर ५ मीटरवर एक असे जास्तीत जास्त पाच हब मध्ये घालता येतात आणि त्यामुळे ३० मीटर ही या मार्गाची कमाल ठरते. बाजारात मिळणारी ‘अ‍ॅक्टिव्ह एक्स्टेंशन’ केबल म्हणजे बहुधा टोकाला बसवलेला एकमुखी हबच असतो. अशा दोन-तीन केबल एकापुढे एक जोडून १५-२० मीटर गाठता येतात. मात्र प्रत्येक सांध्यावर ५ व्होल्टचा दाब थोडा घसरतो, म्हणून मधल्या एखाद्या टप्प्याला स्वतंत्र अ‍ॅडाप्टर लावणे शहाणपणाचे.

यूएसबी ३.० (२००८) मध्ये सेकंदाला ५ गिगाबिटचा वेग आहे. इतक्या वेगात संदेशाची झीजच फार होते, त्यामुळे साध्या तांब्याच्या केबलवर सुमारे ३ मीटरपुढे भरवसा राहत नाही. वेग वाढला आणि पल्ला घटला. यावर उपाय आहे प्रकाशतंतूची केबल. दोन्ही टोकांच्या बोंडांत विजेचा संदेश प्रकाशात आणि पुन्हा विजेत बदलणारे मंडल असते आणि कित्येक मीटरपर्यंत पूर्ण वेग टिकतो. ती एका बाजूनेच लावायची असते, तिला करकचून वळवायचे नसते, आणि जुने यूएसबी २.० चे कॅमेरे काही प्रकाशतंतू केबलवर चालतच नाहीत. घेण्याआधी हे तपासलेच पाहिजे.

नेटवर्कच्या कॅट५ई किंवा कॅट६ केबलवरून यूएसबी नेणारे एक्स्टेंडरही मिळतात. चांगल्या एक्स्टेंडरची संगणकाजवळची पेटी कॅमेऱ्याच्या वतीने ‘अजून तयार नाही’ असे उत्तर देत राहते आणि वेळेचे बंधन सैल करते. त्यामुळे ५० ते १०० मीटर साधतात. स्वस्तातले मात्र अनेकदा यूएसबी १.१ च्या, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटच्या वेगानेच चालतात. ३० मेगाबाइटची एक रॉ फाइल उतरायला त्यावर वीस सेकंदांहून अधिक लागतात, तेच काम यूएसबी २.० वर साधारण सेकंदात होते. आकाशातल्या लांब एक्स्पोजरला हे खपेल, मॉडेल समोर उभी असताना नाही.

या सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे यूएसबी लांबवत बसण्याऐवजी नेटवर्क लांबवणे. इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत जाते, मध्ये स्विच टाकला की आणखी १००. कॅनन ईओएस-१डी एक्स आणि निकॉन डी४ या २०१२ मध्ये बाजारात आलेल्या कॅमेऱ्यांत इथरनेटचा पोर्ट कॅमेऱ्यातच होता. त्याच वर्षीच्या लंडन ऑलिंपिकमध्ये वृत्तसंस्थांनी माणूस पोहोचणार नाही अशा जागी यांत्रिक हातांवर कॅमेरे बसवून ते दुरून चालवले. कॅमेरा आणि संगणक यांच्यातला संवाद ज्या पीटीपी नियमावलीने चालतो, तिचेच नेटवर्कवरचे रूप पीटीपी/आयपी. इथरनेट नसलेल्या कॅमेऱ्यासाठी त्याच्याजवळच रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक ठेवावा, अर्ध्या मीटरच्या यूएसबीने जोडावा, त्यावर जीफोटो२ ही मुक्त आज्ञावली चालवावी आणि पुढचे अंतर नेटवर्कवर सोपवावे. जुन्या कॅमेऱ्याला नवे आयुष्य देणारी इतकी स्वस्त आणि भक्कम जोडणी दुसरी नाही.

वाय-फाय सोयीचे आहे, पण प्रेक्षकांनी भरलेल्या सभागृहात शेकडो मोबाइल त्याच लहरींवर असतात. तिथे लहान जेपीईजी वायरलेसने पाठवून रॉ कार्डावरच ठेवण्याची तडजोड करावी लागते.

जोडणी तुटण्याचे कारण पुष्कळदा अंतर नसतेच. कॅमेऱ्याचे ‘ऑटो पॉवर ऑफ’ चालू राहिलेले असते, लाइव्ह व्ह्यूने बॅटरी संपलेली असते, किंवा केबलला पाय लागून कॅमेऱ्याचा नाजूक पोर्ट ढिला झालेला असतो. केबल कॅमेऱ्याच्या बुडाशी क्लॅम्पने अडकवली, की झटका पोर्टपर्यंत जात नाही. स्टुडिओतल्या टेदर केबलचा भडक नारिंगी रंगही ती पायाखाली येऊ नये म्हणूनच. तासन्‌तास चालणाऱ्या कामाला बॅटरीच्या जागी बसणारी डमी बॅटरी आणि अ‍ॅडाप्टर लागतो. उघड्यावर, विशेषतः वळिवाच्या दिवसांत, तांब्याची लांब वायर पसरणे धोक्याचे: जवळपास वीज पडली तरी वायरीत दाब उसळून दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात. अशा ठिकाणी आत धातूच्या तारा नसलेला प्रकाशतंतूच वापरावा आणि कॅमेऱ्याला वीज वेगळ्या बॅटरीतून द्यावी.