आंदणात गेलेली मुंबई

विज्ञानकथांमध्ये एक लग्न हमखास भेटतं. दोन ग्रहांत युद्ध नको म्हणून एकाची राजकन्या दुसऱ्याच्या राजाला दिली जाते. भाषा वेगळी, देव वेगळे. कर्तव्यापोटी झालेल्या या लग्नात प्रेम रुजेल का, याकडेच वाचकाचं लक्ष असतं. असंच एक लग्न वसईच्या इतिहासात आहे. तिथे मात्र आणखी एक प्रश्न उरतो.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. मुंबईची बेटंही त्यातच गेली. पुढे या मुलखात पोर्तुगीज अनाथ मुलींच्या लग्नात आंदण म्हणून गावं दिली जाऊ लागली. मुलीशी लग्न करील त्याच्या घरात गाव जाई.

१६६१ मध्ये हाच व्यवहार राजघराण्यात झाला. स्पेनशी लढणाऱ्या पोर्तुगालला इंग्लंडचं पाठबळ हवं होतं. म्हणून ब्रागांझा घराण्यातली कॅथरिन दुसऱ्या चार्ल्सला दिली. सोबत रोकड, टँजिअर आणि मुंबई. पुढल्या वर्षी पोर्टस्मथला लग्न लागलं. कॅथरिनने आपला कॅथलिक धर्म सोडला नाही. तिला मूल झालं नाही. चार्ल्सला इतर स्त्रियांपासून बरीच झाली. तरी तिला सोडण्याचा सल्ला त्याने मानला नाही. हे प्रेम की कर्तव्य, हे त्या दोघांनाच ठाऊक.

इकडे गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय मुंबई द्यायला तयार होईना. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. शिपमनसह बहुतेक तिथेच मेले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईत, दोना इग्नेस द मिरांदा या विधवा जमीनदारिणीच्या वाड्यात ताब्याचे कागद झाले. १६६८ मध्ये चार्ल्सने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

कॅथरिनने आपलं हे आंदण कधी पाहिलं नाही. बेटावरच्या कोळी-भंडाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. लग्न लिस्बन-लंडनचं, धनी मात्र त्यांचा बदलला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाही मुंबई इंग्रजांकडेच राहिली. नवरा-बायको जाऊन कित्येक वर्षं झाली होती. आंदण काही परत आलं नाही.

दोन ग्रहांतली प्रेमकथा वाचताना म्हणूनच राजा-राणीच्या पलीकडेही पाहावं. आंदणात दिलेल्या ग्रहावर कोण राहतं?